स्वस्तातली दुनळी बंदूक: ब्रिटनच्या जुन्या बाजारात काय पाहून घेतात

दुनळी म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन नळ्यांची, मधोमध मोडून काडतुसे भरायची बंदूक. इंग्रजीत तिला ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, शेकडो बारीक छरे असतात. मराठीत ‘छऱ्यांची बंदूक’ म्हटले की जत्रेत फुगे फोडायची एअरगन आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. दुनळी हे पूर्ण ताकदीचे शस्त्र आहे आणि जगभर ते परवान्याशिवाय किंवा कायद्याच्या चौकटीबाहेर बाळगणे हा बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरतो.

जुन्या दुनळ्यांचा मोठा आणि स्वस्त बाजार ब्रिटनमध्ये आहे. १८७० च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारखान्यांनी या बंदुका भरपूर बनवल्या. मालक गेले, बंदुका राहिल्या. आज तिथला नेमबाज वर-खाली नळ्यांची ‘ओव्हर-अंडर’ पसंत करतो, कारण एकाच नळीवरून नेम धरल्यासारखे वाटते आणि उडत्या तबकड्या फोडण्याच्या स्पर्धांत तिचेच राज्य आहे. परिणामी साधी, निनावी म्हणावी अशी दुनळी लिलावात काही शे पौंडांत, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळते. वर्षातून चार-सहा रविवारी क्लबात जाऊन तबकड्या फोडायच्या एवढीच हौस असलेल्या माणसाला ही किंमत भुरळ घालते.

अडचण अशी की, एकाच किमतीची चिठ्ठी लावलेल्या दोन दुनळ्यांपैकी एक आणखी पन्नास वर्षे चालेल आणि दुसरी भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोगाची नसेल. वरून दोघी सारख्याच दिसतात. किंबहुना दुसरीच जास्त चकचकीत दिसण्याची शक्यता असते, कारण विकायच्या आधी तिला पॉलिश केलेले असते. बंदुकीच्या दुरुस्तीचा खर्च बंदुकीच्या किमतीच्या पुढे सहज जातो. म्हणून कमी पैशांत घेणाऱ्याने नक्षी, नाव आणि लाकडाची रेघ याकडे शेवटी पाहावे. पैसे मोजायचे ते नळ्यांचे.

खरेदीआधीचे कागद

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यानुसार स्थानिक पोलिसांकडून ‘शॉटगन सर्टिफिकेट’ घ्यावे लागते. ते पाच वर्षांसाठी असते. अर्जदाराची पार्श्वभूमी आणि डॉक्टरांकडून मिळालेली वैद्यकीय माहिती तपासली जाते, आणि बंदूक घरात इतर कुणाच्या हाती लागणार नाही अशी सोय, सहसा भिंतीला पक्के केलेले पोलादी कपाट, असावी लागते. या सर्टिफिकेटाखाली येणाऱ्या बंदुकीची नळी किमान २४ इंच हवी. एकदा सर्टिफिकेट मिळाले की दुनळी विकत घेता येते, पण व्यवहार समोरासमोर होतो आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवावा लागतो. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.

पोलिसांनी तशी मान्यता दिलेल्या तबकडी-मैदानांवर मात्र सर्टिफिकेट नसलेल्या नवख्यालाही तिथल्या देखरेखीखाली बंदूक चालवता येते. बंदूक घेण्याचा विचार असणाऱ्याने आधी तिथे जाऊन एक दुनळी आणि एक ओव्हर-अंडर, दोन्ही हाताळून पाहाव्यात. अनेकांची दुनळीची हौस पंचवीस तबकड्यांतच फिटते, आणि काहींची त्याच पंचवीस तबकड्यांत पक्की होते.

नळ्या

ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीची नळी ‘प्रूफ’ झालेली असावी लागते. सोन्याला हॉलमार्क असतो तसाच हा प्रकार आहे, फक्त परीक्षा जास्त कठोर. प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब देणारे काडतूस त्या नळीत उडवतात. नळी फुगली नाही, फाटली नाही, तर तिच्यावर शिक्के मारतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले, आणि दोन्ही आजही हेच काम करतात. प्रूफबाह्य झालेली बंदूक विकणे हा तिथे गुन्हा आहे.

शिक्के नळ्यांच्या मागच्या टोकाला, खालच्या सपाट भागावर असतात. बंदूक उघडून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या की दिसतात. विसाव्या शतकातल्या बंदुकांवर ‘नायट्रो प्रूफ’ अशी अक्षरे किंवा तिची खूण शोधावी. नायट्रो म्हणजे आजची धूररहित दारू. ती खूण नसेल आणि केवळ काळ्या दारूचा जुना शिक्का असेल, तर आजचे काडतूस त्या नळीत घालायचे नाही. १९५४ च्या नियमांनंतरच्या बंदुकांवर दाब ‘दर चौरस इंचाला अमुक टन’ असा लिहिलेला सापडतो, त्यानंतरच्या काळातल्या बंदुकांवर तो बारमध्ये असतो.

शिक्का मात्र ज्या दिवशी मारला त्या दिवसापुरताच खरा असतो. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत नळीत गंज चढतो, मग कुणीतरी आतून घासून तो काढतो, नळी लखलखते आणि थोडी मोठी होते. १९५४ नंतरच्या बंदुकीवर नळीचा आतला व्यास हजारांश इंचात कोरलेला असतो. बारा बोअरची साधारण नळी ०.७२९ इंचाची, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटरची. कोरलेल्या आकड्यापेक्षा व्यास दहा हजारांश इंचाने वाढला की ती बंदूक प्रूफबाह्य ठरते. हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मोजपट्टीसारखे खास गेज लागते आणि ते प्रत्येक बंदूक-कारागिराकडे असते.

बारा बोअर हा आकडा कुठून आला, हेही इथेच सांगून टाकण्यासारखे आहे. एक पौंड शुद्ध शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणूनच वीस बोअरची नळी बाराहून बारीक असते.

व्यासाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, आणि प्रूफचा कायदा तिच्याबद्दल गप्प आहे. जाडी सगळीकडे सारखी नसते. चेंबरजवळ ती जास्त असते, पुढे कमी होत जाते. सर्वांत पातळ जागी ती २० हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर तरी असावी, असा तिथल्या व्यवसायातला रिवाज आहे. त्याखालच्या नळ्या प्रूफमध्ये असू शकतात, कायद्याने विकताही येतात, पण दाराच्या चौकटीवर आपटून आलेला एक साधा पोचाही अशा नळीतून काढता येत नाही. शस्त्रांची नामांकित लिलावगृहे आपल्या यादीत प्रत्येक बंदुकीची ही जाडी छापतात. ती न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यायचे असेल, तर मोजून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बाकीच्या काही तपासण्या मात्र कुणालाही करता येतात. बंदूक रिकामी आहे हे आधी स्वतः पाहायचे, विक्रेत्याची परवानगी घ्यायची आणि नळ्या वेगळ्या करायच्या. नळी खिडकीच्या चौकटीकडे रोखून आतून पाहिली की प्रकाशाची वलये दिसतात. वलय जिथे वेडेवाकडे होते तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. पोचा बऱ्याच वेळा स्वस्तात निघतो. फुगवटा हे गंभीर लक्षण आहे, कारण नळीत काहीतरी अडकलेले असताना बार उडाल्याची ती निशाणी असते. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. तोंडाजवळचे चार-दोन ठिपके चालतात, पण चेंबरच्या लगेच पुढे, जिथे दाब सर्वाधिक असतो, तिथले खोल खड्डे चालत नाहीत.

मग नळ्या खालच्या लोखंडी आकड्याने एका बोटावर टांगायच्या आणि नखाने टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला, तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या घट्ट आहेत. मडक्यासारखा बद्द आवाज आला, तर डाक सुटलेला आहे आणि फटीतून आत ओल गेली असण्याची शक्यता आहे. नळ्यांची तोंडे पुढून पाहावीत. ती सहसा एकमेकींना चिकटलेली असतात. मध्ये ठळक फट दिसली तर कधीतरी नळ्या कापून आखूड केलेल्या आहेत, आणि तोंडाजवळची आकुंचित जागा, म्हणजे चोक, त्या कापण्यात गेलेली आहे.

‘स्लीव्ह’ केलेली दुनळी हा कमी पैशांतला सर्वांत शहाणा सौदा ठरू शकतो. तिच्या जुन्या नळ्या मागे थोड्या ठेवून कापतात आणि त्यांत नव्या पोलादी नळ्या बसवून पुन्हा प्रूफ करतात. नळ्यांवर तसा शब्द कोरावा लागतो, आणि नीट पाहिले तर चेंबरच्या पुढे सांध्याची बारीक रेघ दिसते. संग्राहक अशा बंदुकीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे तिची किंमत पडते. वापरणाऱ्याला मात्र जुन्या चांगल्या यंत्रावर नव्या जाड नळ्या मिळतात. हेच काम स्वतः करून घ्यायला गेले तर साध्या दुनळीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो, म्हणजे तो खर्च आधीच्या मालकाने केलेला असणे हाच फायदा.

पिळदार रेषांच्या जुन्या ‘दमास्कस’ नळ्या दिसायला फार सुंदर. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून त्या बनवत. त्यांतल्या काही नायट्रो प्रूफ झालेल्याही आहेत. तरीही पहिल्याच खरेदीत त्यांच्या वाटेला न गेलेले बरे. जोडाच्या आत दडलेला दोष ओळखायला अनुभवी डोळा लागतो.

काडतूस बसते म्हणून चालते असे नाही

जुन्या दुनळीतला सर्वांत फसवा भाग चेंबर आहे. चेंबर म्हणजे काडतूस बसते ती नळीतली मागची जागा. जुन्या इंग्रजी बारा बोअर बंदुकांत ती बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर लांब असते. आजची बरीचशी काडतुसे पावणेतीन इंचांच्या, म्हणजे ७० मिलिमीटरच्या चेंबरसाठी असतात. तीन इंची, ७६ मिलिमीटरची चेंबरही सर्रास आढळते.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहू. काडतुसाची सांगितलेली लांबी उडाल्यानंतरची असते. उडण्याआधी त्याचे तोंड चुण्या घालून बंद केलेले असते, त्यामुळे ७० चे काडतूस प्रत्यक्षात सुमारे एक सेंटिमीटर आखूड असते आणि ६५ च्या चेंबरमध्ये निमूटपणे जाऊन बसते. बंदूक बंद होते, सगळे ठीक वाटते. चाप ओढल्यावर चुण्या उघडतात, तेव्हा त्यांना उघडायला जागा नसते. त्या पुढच्या निमुळत्या भागात घुसतात, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुनी, घासलेली, पातळ नळी असेल तर हा वाढीव दाब ती सहन करेलच असे नाही.

म्हणून चेंबरची लांबी शिक्क्यावरून वाचायची, आणि तरीही ती मोजून घ्यायची. कुणीतरी मध्येच चेंबर वाढवलेले असू शकते, आणि तसे केल्यावर बंदूक पुन्हा प्रूफ करावी लागते. काडतूस घेताना डब्यावर ‘६५ मिमी किंवा अधिक लांबीच्या चेंबरसाठी’ असे छापलेले आहे का ते पाहावे. काही काडतुसांचे कवच साडेसदुसष्ट मिलिमीटरचे असूनही ती ६५ च्या चेंबरसाठी बनवलेली असतात. इथे कवच स्वतः मोजून अंदाज बांधण्यापेक्षा उत्पादकाने डब्यावर काय लिहिले आहे ते खरे.

बिजागरी, चाप आणि इजेक्टर

बंद बंदूक दस्त्याच्या मनगटाजवळ धरून हलवली असता नळ्या लुडबुडता कामा नयेत. ही चाचणी नळ्यांखालचा लाकडी हातठेवा काढून करायची, कारण त्यातल्या स्प्रिंगचा ताण ढिलेपणा लपवतो. नळ्यांची मागची बाजू आणि यंत्राचा सपाट चेहरा यांच्यामधून उजेड दिसला, तर बिजागरी झिजलेली आहे. ती पुन्हा घट्ट करता येते आणि चांगला कारागीर ते नीट करतो. वाईट कारागीर तिथे हातोडीने ठोकून महिनाभर चालेल असे काम करतो. स्क्रूंची तोंडे कुरतडलेली दिसली, तर बंदुकीच्या पोटात आधी कुणा हौशी माणसाचा हात जाऊन आला आहे असे समजावे.

यंत्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीत काम करणाऱ्या ॲन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये ‘बॉक्सलॉक’चे पेटंट घेतले. त्यात नळ्या खाली वाकवल्या की आतले घोडे आपोआप ताणले जातात. भाग थोडे, रचना भक्कम. दुसरा ‘साइडलॉक’. त्याचे यंत्र दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेले असते, त्यावर नक्षीला जागा मिळते आणि महागड्या बंदुका बहुधा तशाच असतात. म्हणून स्वस्त साइडलॉक पाहून हुरळून जाणारे पुष्कळ. उत्तम साइडलॉकला तोड नाही, हे खरे. पण त्याच पैशांत चांगला बॉक्सलॉक आणि सुमार साइडलॉक यांतून निवडायचे असेल तर बॉक्सलॉकच घ्यावा.

इजेक्टर असलेली बंदूक उघडताच रिकामे कवच मागे उडते. नॉन-इजेक्टरमध्ये ते थोडे वर येते आणि बोटांनी काढावे लागते. इजेक्टरवालीला किंमत जास्त, तिच्यात स्प्रिंगा आणि नाजूक भाग जास्त, आणि बिघाडही जास्त. थव्यामागून थवे येणाऱ्या शिकारीत झटपट भरायला तिचा उपयोग होत असे. तबकडी मैदानावर आपली पाळी यायला अवकाश असतो, आणि उडालेली कवचे नंतर वाकून गोळा करावीच लागतात. हौसेपुरत्या वापरासाठी नॉन-इजेक्टर पुरते, आणि ती स्पष्टपणे स्वस्त असते.

बहुतेक जुन्या दुनळ्यांना दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजव्या नळीचा चोक सहसा मोकळा, डावीचा आवळलेला. चोक म्हणजे छऱ्यांचा झोत किती पसरावा हे ठरवणारे नळीच्या तोंडाचे आकुंचन. जुन्या बंदुकांत डावी नळी पुष्कळदा ‘फुल’ चोकची सापडते. जवळच्या तबकड्यांना ती फार घट्ट पडते. चोक मोकळा करून घेणे हे तुलनेने स्वस्त काम आहे, त्यामुळे बाकी सगळे जमत असेल तर या एका कारणासाठी बंदूक नाकारू नये.

अंगाला बसणारी

शिवून घेतलेला सदरा आणि उसना घातलेला सदरा यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. दुनळीला नेम धरायला दुर्बीण नसते. नेमबाजाचा डोळाच मागचा नेम असतो. दस्ता आखूड, लांब, उंच किंवा वाकडा असेल तर छरे सतत एकाच बाजूला जातात आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. साधी परीक्षा अशी: रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला, डोळे मिटून सवयीप्रमाणे खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. डोळा मधल्या पट्टीच्या रेषेत, पुढच्या मण्यावर असला तर बंदूक जवळपास बसते. पट्टीचा डावा किंवा उजवा अंगच दिसत असेल तर दस्ता वाकवून घ्यावा लागेल. कारागीर तो गरम करून थोडा वाकवतात. लांबी वाढवता किंवा कमी करता येते. दस्ता यंत्राला जिथे मिळतो तिथे भेगा असतील, किंवा लाकूड जुन्या तेलाने काळे, मऊ झालेले असेल, तर मात्र वाकवताना ते मोडू शकते.

वजन हा दुनळीचा गुणही आहे आणि अवगुणही. साधारण इंग्रजी बारा बोअर दुनळी तीन किलोच्या आसपास भरते. तबकडीची ओव्हर-अंडर साडेतीन किलोच्या पुढे जाते. हलकी बंदूक दिवसभर हातात धरायला सुखाची, पण धक्का सगळा खांद्यावर. बर्मिंगहॅमचे बंदूक-निर्माते डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा जुना ठोकताळा असा की, बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट जड असावी. म्हणजे २८ ग्रॅम छऱ्यांसाठी सुमारे २.७ किलो, ३२ ग्रॅमसाठी तीन किलोहून थोडी जास्त. जुन्या दुनळीत २१ ते २८ ग्रॅमची हलकी काडतुसे घालावीत. खांदाही वाचतो, सांधेही वाचतात, आणि तबकडी फुटायला तेवढे छरे पुरतात.

शिवाय दुनळीचा लाकडी हातठेवा पातळ असतो आणि डावा हात थेट नळ्यांवर येतो. पन्नासेक बार झाले की नळ्या तापतात. तिथे चामड्याचे आवरण चढवतात किंवा हातमोजा घालतात. एका बैठकीत शंभर तबकड्या फोडायची हौस असेल त्याने दुनळी घेऊच नये. तिची जात ती नाही.

कोणत्या बंदुका पाहाव्यात

बर्मिंगहॅमच्या निनावी बॉक्सलॉकांची संख्या सर्वांत मोठी. गावोगावच्या दुकानदारांनी बर्मिंगहॅमहून बंदुका आणून त्यावर स्वतःची नावे कोरली, त्यामुळे नावावरून फारसे काही कळत नाही. याच शहरातल्या वेब्ली अँड स्कॉटने महायुद्धानंतर बनवलेली ७०० मालिका ही वापरण्याजोग्या इंग्रजी दुनळ्यांतली खात्रीची समजली जाते. कंपनीने १९७९ मध्ये या बंदुका बनवणे थांबवले.

स्पेनच्या बास्क भागातले एइबार हे गाव बंदुकांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एवायए कंपनीने ब्रिटिश ग्राहकांसाठी इंग्रजी धाटणीच्या दुनळ्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या. त्यांतली ‘योमन’ ही साधी नॉन-इजेक्टर, आणि ‘नंबर ४’ ही इजेक्टर असलेली बॉक्सलॉक. इंग्रजी नावाचा दिमाख नको आणि नळ्या मात्र ठणठणीत हव्यात, अशा माणसासाठी ‘नंबर ४’ चांगली. त्याच गावच्या इतर काही स्वस्त बंदुकांतले पोलाद मऊ निघते आणि आतले भाग लवकर झिजतात, त्यामुळे ‘स्पॅनिश’ एवढ्या एका शब्दावर भरवसा ठेवू नये.

रशियातल्या इझेव्हस्कची बैकल दुनळी ओबडधोबड, जड आणि जवळजवळ न मोडणारी. ‘आयझेड-४३’ या प्रकारात नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा असतो, गंज सहसा लागत नाही. दिसायला ती कुदळीसारखी आहे हे तिचे चाहतेही मान्य करतात. तुर्कस्तानच्या नव्या दुनळ्या हा चौथा पर्याय. यिल्दिझ आणि हुग्लू ही नावे त्यात पुढे आहेत. तीन इंची चेंबर, बदलता येणारे चोक आणि पोलादी छऱ्यांसाठीचे प्रूफ त्यांत मिळू शकते. पुढच्या मुद्द्यामुळे या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वाढत चालले आहे.

शिशाचे छरे जाणार

शिसे विषारी आहे. पाणपक्षी ते छरे खड्यांसारखे गिळतात आणि मरतात. इंग्लंडमध्ये १९९९ पासून बदके, हंस यांसाठी आणि काही पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी शिशाच्या दारूगोळ्यावर व्यापक निर्बंध जाहीर केले, आणि बदलासाठी तीन वर्षांचा अवधी ठेवला. जुन्या दुनळ्यांच्या किमती पडण्यामागे हेही एक कारण आहे.

पर्यायांतला स्वस्त पर्याय म्हणजे पोलादी छरे. ते शिशासारखे दबत नाहीत. घट्ट चोकमधून जाताना नळीवर ताण येतो, म्हणून साधारण अर्ध्या चोकहून घट्ट नळीत ते वापरत नाहीत. कमी दाबाची ‘स्टँडर्ड स्टील’ काडतुसे नायट्रो प्रूफ झालेल्या, चेंबरची लांबी जुळणाऱ्या आणि सुस्थितीतल्या बंदुकीत चालतात. जास्त दाबाची ‘हाय परफॉर्मन्स’ काडतुसे मात्र ज्या नळीवर लिलीच्या फुलाचा शिक्का आहे तिथेच. फार जुन्या, पातळ नळ्यांसाठी बिस्मथचे छरे आहेत. ते शिशाइतके मऊ, पण किमतीला कितीतरी चढे. दोनशे पौंडांची दुनळी घेतली आणि तिला फक्त बिस्मथच चालत असेल, तर काही महिन्यांतच काडतुसांचा खर्च बंदुकीपुढे जाईल. त्यामुळे ६५ मिलिमीटरचे चेंबर आणि दोन्ही नळ्यांना घट्ट चोक अशी बंदूक आज स्वस्त दिसली, तरी चोक मोकळा करण्याचा खर्च आणि पुढच्या काडतुसांचा भाव तिच्या किमतीत धरूनच हिशेब मांडावा.

भारतात हीच बंदूक

भारतातल्या जुन्या घरांत, विशेषतः जमीनदार आणि संस्थानी कुटुंबांत, याच बर्मिंगहॅमच्या दुनळ्या आजही सापडतात. सिंधुदुर्गासारख्या भागात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळ्या आणि एकनळ्या आहेत, आणि निवडणूक आली की त्या पोलिसांकडे जमा करण्याची वेळ येते. पण हौसेचे गणित इथे पूर्ण वेगळे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली. बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या परवान्यावरच ठेवता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. विक्रेत्यांना परदेशी बंदुका आयात करण्याची मुभा १९८० च्या दशकापासून नसल्याने, इंग्लंडमध्ये क्षुल्लक ठरणारी जुनी दुनळी इथे कितीतरी पट किमतीला विकली जाते.

वारसाने अशी बंदूक आली, तर आधी कायद्याचे काम: वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा आणि तोवर शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायचे. काडतुसे देशातच बनतात, पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची बारा बोअरची काडतुसे त्यांत जुनी आणि ओळखीची. आजोबांच्या दुनळीत ती घालण्याआधी चेंबरची लांबी आणि नळीची जाडी परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावी लागते. त्या बंदुकीवरचा बर्मिंगहॅमचा शिक्का कदाचित १९२०-३० च्या दशकातला असेल, आणि त्यानंतर ती नळी कुणी मोजलेलीच नसेल.